रक्तधातूची आकाशवाट

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात रक्ताला देहाचे मूळ मानले आहे. अतिप्रवृत्त रक्त थांबविण्यासाठी संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपायही त्यांनी तेथेच सांगितले आहेत. स्राव थांबविणे हे चिकित्सकाचे पहिले कर्तव्य होय. परंतु जे रक्त वाहून गेले ते वेळेत भरून कसे काढावयाचे, हा प्रश्न त्यानंतरही उरतो. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे जगभरातील एक प्रमुख कारण आहे. अशा प्रसंगी योग्य गटाचे रक्त गावापासून किती दूर आहे यावर त्या मातेचे आयुष्य अवलंबून असते. हे अंतर कापण्यासाठी आफ्रिकेतील रवांडा या छोट्या देशाने मानवरहित विमानाचा, म्हणजेच ड्रोनचा जो उपयोग केला, त्याची माहिती आपल्या सभासदांना उद्बोधक वाटेल.

लहान रुग्णालयाची कोंडी

औषधालय चालविणाऱ्या आपल्या बंधूंना मुदतबाह्य मालाची चिंता नवी नाही. रक्ताच्या बाबतीत ही चिंता कितीतरी पटींनी वाढते. तांबड्या पेशींची पिशवी २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवली तर, त्यात घातलेल्या संरक्षक द्रावणानुसार, ३५ ते ४२ दिवस टिकते. रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट, २० ते २४ अंशांत सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि त्यांचे आयुष्य सामान्यतः ५ दिवसांचे असते. रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, गोठवून वर्षभर ठेवता येतो. मात्र वितळविल्यावर तो लवकर वापरावा लागतो. त्यातच ए, बी, एबी, ओ आणि आरएच मिळून रक्ताचे आठ गट होतात.

महिन्यातून दोन-चार वेळाच रक्त लागणाऱ्या रुग्णालयाने या सर्वांचा साठा करावा तर बरेचसे रक्त वाया जाणार, आणि न करावा तर ऐनवेळी रुग्ण हातचा जाणार. मुदत संपलेल्या काही औषधांची निदान कंपनीकडून भरपाई तरी मिळते. वाया गेलेल्या रक्ताची भरपाई कोण देणार? ते एका दात्याने विनामूल्य दिलेले दान असते.

रवांडाचा प्रयोग

रवांडाला ‘हजार टेकड्यांचा देश’ म्हणतात. राजधानी किगालीहून दूरच्या रुग्णालयांकडे जाणारे रस्ते वळणावळणाचे, आणि पावसाळ्यात अधिकच अवघड. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेथील शासनाने झिपलाईन या अमेरिकन कंपनीच्या साहाय्याने मुहांगा येथे वितरण केंद्र सुरू केले. पूर्वेकडील कायोंझा येथे दुसरे केंद्र २०१८ मध्ये उभे राहिले.

कार्यपद्धती साधी आहे. रुग्णालयातून दूरध्वनीने किंवा भ्रमणध्वनीवरील संदेशाने मागणी येते. केंद्रातील कर्मचारी योग्य गटाची पिशवी शीतपेटीत बांधून पंख असलेल्या लहान विमानाच्या पोटात ठेवतात. गोफणीसारख्या यंत्राने ते हवेत सोडले जाते आणि ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने ठरलेल्या मार्गाने जाते. रुग्णालयाजवळ ते उतरत नाही. खाली येऊन कागदी हवाईछत्रीने पेटी सोडते आणि परत फिरते. केंद्रात दोन खांबांमध्ये ताणलेल्या दोरीत त्याच्या शेपटीचा आकडा अडकवून ते थांबविले जाते. त्यामुळे रुग्णालयाला धावपट्टी लागत नाही व वैमानिकही लागत नाही. एका फेरीत दीड-पावणेदोन किलो वजन जाते. रक्ताच्या दोन-तीन पिशव्यांना तेवढे पुरते.

या व्यवस्थेचे मूल्यमापन ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. मार्च २०१७ ते डिसेंबर २०१९ या काळातील १२,७३३ मागण्या त्यात तपासल्या असून त्यांपैकी ४३ टक्के तातडीच्या होत्या. ड्रोनने रक्त पोहोचण्यास सरासरी ४९.६ मिनिटे लागली. रस्त्याने लागणाऱ्या अंदाजित वेळेपेक्षा हा अवधी ७९ मिनिटांनी कमी होता. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे रुग्णालयांत मुदत संपून वाया जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण बारा महिन्यांत ६७ टक्क्यांनी घटले.

आपल्या मते या प्रयोगाचा खरा बोध या शेवटच्या आकड्यात आहे. वेग डोळ्यांत भरतो; पण साठा एका ठिकाणी ठेवून मागणी येताच पाठविता येतो, म्हणून दान वाया जात नाही, हे त्याहून मोलाचे आहे.

आपल्याकडील स्थिती

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०२३ मध्ये दिल्ली परिसरात रक्ताच्या १० पिशव्या ड्रोनने नेण्याची चाचणी घेतली. प्रवासात रक्ताची गुणवत्ता टिकते की नाही हे पाहणे हा तिचा हेतू होता. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील जव्हारहून झाप या गावी ड्रोनने लस पाठविण्यात आली होती. तथापि चाचणी आणि नित्याची सेवा यांत मोठे अंतर असते. खर्च, हवामान, हवाई परवानगी आणि दोन्ही टोकांची शीतव्यवस्था यांचा मेळ बसल्याखेरीज अशी सेवा टिकत नाही.

शिवाय आपल्या कायद्यानुसार मानवी रक्त हे औषध आहे आणि ते परवानाधारक रक्तपेढीतून किंवा मान्यताप्राप्त रक्तसाठा केंद्रातूनच मिळते. विमान कितीही वेगवान असले तरी दात्याची निवड, रक्ततपासणी व गटजुळणी यांना पर्याय नाही.

ग्रामीण भागात अनेकदा रुग्ण प्रथम वैद्याकडेच येतो. प्रसूतेचा स्राव थांबत नाही, नाडी जलद व क्षीण झाली आहे, अंग गार पडले आहे, हे ओळखून क्षणाचाही विलंब न करता तिला रुग्णालयात धाडणे आपल्या हाती आहे. निघण्यापूर्वी तेथे दूरध्वनी करून रक्ताची तयारी ठेवण्यास सांगणे हेही आपल्याच हाती आहे. जवळची रक्तपेढी व रक्तसाठा केंद्र यांचे क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात आणि औषधालयात दर्शनी भागी असावेत. रवांडातही विमान आपणहून उडत नाही. वेळेवर मागणी करणारा चिकित्सक आणि त्याआधी रक्त देणारा दाता असेल, तरच ते उडते.