नकाशा रंगला म्हणजे आराखडा झाला?

गैरसमज: जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली) शिकायला महागडे सॉफ्टवेअर आणि प्रोग्रॅमिंग लागते.

क्यूजीआयएस हे जीआयएसचे सॉफ्टवेअर २००२ पासून विकसित होत आहे आणि ते पूर्णपणे मोफत आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे धडे आहेत, डेहराडूनची आयआयआरएस संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते. पायथॉन पुढे उपयोगी पडते, पण सुरुवात त्यावाचून अडत नाही.

गैरसमज: बटणे कळली की नियोजनाचे काम जमते.

इथेच बहुतेक विद्यार्थी अडकतात. शाळेभोवती ५०० मीटरचा बफर, म्हणजे तेवढ्या अंतराचे वर्तुळ, काढायचा आहे, पण नकाशाचा थर अक्षांश-रेखांशात असेल तर तुम्ही भरलेले ५०० हे सॉफ्टवेअर अंश समजते आणि वर्तुळ जगाबाहेर जाते. म्हणून आधी थर मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात न्यावा लागतो. त्यातही महाराष्ट्र यूटीएम या प्रक्षेपणाच्या दोन पट्ट्यांत विभागला आहे: मुंबई, पुणे ४३ मध्ये, तर नागपूर ४४ मध्ये, सीमा ७८ अंश पूर्व रेखांशाची. बफर बरोबर आला तरी प्रश्न सुटत नाही. मुंबईत शाळा रुळांपलीकडे असेल, तर नकाशावर चारशे मीटरवर दिसणाऱ्या शाळेत पोहोचायला मुलाला पूल गाठून कितीतरी जास्त चालावे लागते. तिथे बफर नव्हे, रस्त्यांच्या जाळ्यावरचे अंतर मोजायला हवे. कोणते अंतर मोजायचे हे सॉफ्टवेअर सांगत नाही. ते नियोजनकारालाच ठरवावे लागते. माझ्या मते अभ्यासक्रमाचा निम्मा वेळ अशा प्रश्नांवर जायला हवा.

गैरसमज: उपग्रहाच्या प्रतिमा आहेत, मग जागेवर जायची गरज काय?

सेंटिनेल-२ ची मोफत प्रतिमा १० मीटरच्या तपशिलाची असते. तिच्यात शेत आणि वस्ती वेगळी दिसते. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असलेली इमारत मात्र त्याहून बारीक प्रतिमेतही नुसते छप्पर असते. विद्यमान भूवापर प्रत्यक्ष फिरूनच नोंदवावा लागतो. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातल्या चुकांवर नागरिकांनी हरकतींचा पाऊस पाडला. राज्य सरकारला तो नव्याने करायला सांगावा लागला आणि सुधारित आराखडा २०१८ मध्ये लागू झाला. नकाशातल्या चुकीच्या रंगामुळे कुणाच्या घरावर आरक्षण पडू शकते, हे शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे.

गैरसमज: हे फक्त तज्ज्ञांचे काम.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप आराखड्यावर हरकती-सूचना देण्याचा हक्क नागरिकांना आहे. तुमच्या शहराचा आराखडा प्रसिद्ध झाला की आपल्या प्रभागाचा नकाशा क्यूजीआयएसमध्ये उघडा, तो उपग्रह प्रतिमेवर बसवा, एकदा गल्लीतून फिरून पडताळा आणि चूक दिसली तर मुदतीत लेखी हरकत द्या.