गोंगाटाचा हिशेब

नागपूरच्या मे महिन्यात घरातला सगळ्यात मोठा आवाज कूलरचा असतो. पत्र्याचं धूड, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आत पाण्याचा पंप. तो सुरू झाला की दारावरची बेल ऐकू येत नाही, फोन वाजून वाजून थांबतो, आणि घरातली माणसं एकमेकांशी भांडल्यासारखी बोलतात. आमची आई मात्र पलीकडच्या स्वयंपाकघरातून हाक द्यायची, "कूलरचं पाणी संपून राह्यलं रे, नळी लाव." आम्ही कूलरसमोर बसलेलो असूनही आम्हाला काही कळलेलं नसायचं. टाकी रिकामी होत आली की पंप हवा ओढू लागतो आणि त्या घरघरीत एक बारीक खरखर मिसळते. ती आईला ऐकू यायची, कारण रोजची घरघर तिला पाठ होती.

दुर्मिळ कणांचा शोध कसा घेतात, असं कुणी विचारलं की मला हा कूलर आठवतो. वर्तमानपत्रात बातमी येते ती नव्या कणाची. त्यामागे वर्षानुवर्षं चाललेलं काम असतं ते मात्र गोंगाटाच्या हिशेबाचं. हा हिशेब आयुष्यभर ज्यांनी केला त्यांत एक ठळक नाव मराठी आहे: डॉ. रोहिणी गोडबोले.

आधी गोंगाट म्हणजे किती, ते पाहू. हा लेख वाचताना एक हात तळवा वर करून धरा. दर सेकंदाला साधारण एक म्युऑन तुमच्या तळहातातून आरपार जातो आहे. अवकाशातून आलेले वेगवान कण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात, तिथे हे म्युऑन जन्मतात आणि छप्पर, पंखा, तुम्ही, फरशी असं सगळं भेदून जमिनीत शिरतात. ही झाली न मागता येणारी गर्दी. आता मागून घेतलेली गर्दी बघा. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये प्रोटॉनचे पुंजके सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा एकमेकांतून जातात आणि अशा प्रत्येक वेळी अनेक प्रोटॉन धडकतात. त्यातलं जपून ठेवता येतं ते सेकंदाला हजारएक घटनांचं चित्र; बाकीचं तिथल्या तिथे टाकून द्यावं लागतं. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे यंत्र ठरवतं, पण कशाच्या आधारावर ठरवायचं ते माणसानं आधी सांगून ठेवलेलं असतं.

हे सांगणाऱ्या शास्त्रज्ञांची एक वेगळीच जात आहे. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नसते आणि विश्वाचं नवं समीकरण मांडण्याचा दावाही नसतो. सिद्धान्त म्हणतो, असा कण असावा. प्रयोगवाला विचारतो, असला तर माझ्या यंत्रात तो दिसेल कसा, आणि त्याच्यासारखं दिसणारं दुसरं काय काय असेल? या दोघांच्या मधे बसून उत्तर काढायचं, कागदावर आणि संगणकावर, या कामाला फिनॉमिनॉलॉजी म्हणतात. मराठीत त्याला अजून रुळलेला शब्द नाही. 'घटनाशास्त्र' म्हणून पाहिलं, पण ते राज्यशास्त्राच्या पेपरासारखं वाटतं.

गोडबोले याच जातीच्या. जन्म १२ नोव्हेंबर १९५२, पुण्याचा, शाळा हुजूरपागा. त्या काळी तिथे सातवीपर्यंत मुलींना विज्ञानाऐवजी गृहशास्त्र असे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला तर विज्ञान हवं. ते त्यांनी वेगळं शिकून घेतलं आणि ती शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या त्या शाळेतल्या पहिल्या ठरल्या. पुढे स. प. महाविद्यालय, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत स्टोनी ब्रूक इथे १९७९ मध्ये पीएचडी. तिथेच राहण्याची रीत असताना त्या मुंबईत परतल्या, तीन वर्षं टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) आणि १९८२ पासून मुंबई विद्यापीठात. पुढची तेरा वर्षं त्यांनी विद्यापीठात शिकवलं. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे संशोधन संस्थांमध्ये आणि शिकवणं विद्यापीठांमध्ये अशी वाटणी झालेली आहे आणि ती दोघांनाही महागात पडली आहे. गोडबोले यांचं नाव जगभर ज्यामुळे झालं ते बरंचसं काम विद्यापीठातल्या त्या वर्षांतलं आहे.

त्यातलं एक जरा सविस्तर बघू.

१९७७ साली अमेरिकेतल्या फर्मीलॅबमध्ये बॉटम नावाचा क्वार्क सापडला. क्वार्क म्हणजे प्रोटॉनसारख्या कणांच्या आतले मूलकण. ते जोडीजोडीने येतात, तेव्हा याचाही जोडीदार असणार हे उघड होतं. नावसुद्धा ठरलं, टॉप. फक्त तो सापडत नव्हता. अडचण अशी की टॉप क्वार्क जन्मतो आणि त्याच क्षणी मोडतो. मागे उरतात त्याचे तुकडे. त्या तुकड्यांत कधी एखादा इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन असतो. पण इलेक्ट्रॉन आणि म्युऑन तर हलक्या क्वार्कांच्या मोडण्यातूनही भरपूर निघतात. मग हा म्युऑन टॉपचा की बॉटमचा, हे ओळखायचं कसं? म्युऑनच्या अंगावर बापाचं नाव लिहिलेलं नसतं.

१९८३ मध्ये रोहिणी गोडबोले, संदीप पाकवासा आणि डी. पी. रॉय या तिघांनी एक खूण सांगितली. ती समजायला नागपूरकरांना मारबतीची मिरवणूक पुरेशी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत काळी आणि पिवळी मारबत निघते. त्या लोंढ्यात सापडलेला माणूस कितीही वळला तरी लोंढ्याच्याच दिशेने जातो. त्याच्या मागे, पुढे, दोन्ही खांद्यांना माणसंच असतात. पण शेजारच्या गल्लीतून एकटाच कुणी सुसाट पळताना दिसला, तर त्याला कुणीतरी जोरात बाहेर ढकललेलं आहे, हे न सांगता कळतं. बॉटमसारखा त्या मानाने हलका क्वार्क मोडतो तेव्हा म्युऑनला मिळणारा आडवा धक्का थोडा असतो, म्हणून तो बाकीच्या तुकड्यांच्या झोतातच राहतो. मोडणारा कण खूप जड असेल तर धक्का मोठा, आणि म्युऑन गर्दीपासून लांब, एकटा उडतो. तेव्हा म्युऑन किती आहेत ते मोजू नका, त्याच्या आजूबाजूला कोण आहे ते पाहा. एकटा असेल तर थांबा, तो टॉपचा असू शकतो.

कल्पना सांगितल्यावर सोपी वाटते. पण तिचं खरं वजन गणितात आहे: एकटा म्हणजे किती एकटा, किती अंतरात किती ऊर्जा चालेल, आणि एवढी चाळणी लावूनही खोटे किती उरतील. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो सोडवला नाही तर काय होतं ते लगेच पुढच्याच वर्षी दिसलं. १९८४ मध्ये सर्नच्या यूए-१ या गटाने टॉपच्या खुणा दिसल्याचं जाहीर केलं. डब्ल्यू आणि झेड कण शोधणारा हाच गट, आणि त्याचे प्रमुख कार्लो रुबिया यांना त्याच वर्षी नोबेल मिळालं. एकटा इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन आणि सोबत दोन झोत, अशा मोजक्या घटना होत्या. टॉपचं वस्तुमान ३० ते ५० जीईव्हीच्या दरम्यान असावं असा अंदाज निघाला. प्रोटॉनचं वस्तुमान साधारण १ जीईव्ही असतं, म्हणजे प्रोटॉनच्या ३० ते ५० पट. पुढे पार्श्वभूमीचा हिशेब नीट केल्यावर दावा विरघळला. खूण बरोबर होती, गोंगाट कमी धरला गेला होता. माझ्या मते हा प्रसंग विज्ञानाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असायला हवा. नोबेल मिळालेल्यांचंही बेरजेत चुकतं, आणि ते दुरुस्त करायला पुन्हा बेरीजच करावी लागते.

खरा टॉप सापडला २ मार्च १९९५ रोजी. फर्मीलॅबच्या सीडीएफ आणि डी-झीरो या दोन गटांनी एकत्र घोषणा केली. डी-झीरोमध्ये टीआयएफआर, दिल्ली विद्यापीठ आणि पंजाब विद्यापीठातले भारतीय होते. वस्तुमान निघालं पावणेदोनशे जीईव्हीच्या आसपास. जुन्या पिवळ्या बल्बच्या तारेत जो टंगस्टन असतो, जवळपास त्याच्या अख्ख्या अणूएवढं, आणि तेही एका मूलकणाचं! तिथल्या यंत्रात टॉपची एक जोडी साधारण हजार कोटी टकरींमागे एकदा निघत होती. ती वेचताना लावलेल्या चाळण्यांत एक चाळणी एकट्या पडलेल्या इलेक्ट्रॉन-म्युऑनची होती. टॉप अपेक्षेपेक्षा फारच जड निघाला, त्यामुळे धक्का आणखी मोठा आणि खूण आणखी ठसठशीत.

गोडबोले यांचं नाव ज्याला कायमचं चिकटलं ते काम मात्र चक्क कचऱ्याबद्दल आहे. त्याला ड्रीस-गोडबोले परिणाम म्हणतात. मानुएल ड्रीस हे त्यांचे जर्मन सहकारी. प्रोटॉनची टक्कर म्हणजे दोन भरलेली पोती आपटणं, आतलं सगळं उधळतं. म्हणून पुढच्या पिढीला इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची, म्हणजे स्वच्छ टक्कर देणारी सरळ रेषेतली यंत्रं बांधायची होती. या दोघांनी १९९०च्या सुमारास विचारलं, स्वच्छ म्हणजे कितपत स्वच्छ?

टकरी वाढवायच्या तर इलेक्ट्रॉनचे पुंजके केसाहून कितीतरी पट बारीक दाबावे लागतात. असे दोन पुंजके एकमेकांतून जाताना एकाच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रात दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन वाकतात आणि वाकताना प्रकाश फेकतात. म्हणजे यंत्रात नकळत फोटॉनचाही झोत तयार होतो. आता, फोटॉन म्हणजे निव्वळ प्रकाश, त्याचा काय त्रास? त्रास असा की उच्च ऊर्जेचा फोटॉन क्षणभर क्वार्क आणि त्यांना जोडून ठेवणाऱ्या ग्लुऑनच्या पोतडीसारखा वागू शकतो. दोन फोटॉन त्या क्षणी भेटले तर प्रोटॉनच्या टकरीसारखीच उधळण होते. ड्रीस आणि गोडबोले यांनी आकडे काढले तेव्हा दिसलं की काही आराखड्यांत हा कचरा जवळजवळ प्रत्येक वेळी, हव्या त्या घटनेच्या अंगावर सांडणार आहे. यंत्र बांधून झाल्यावर हे कळलं असतं तर? त्यांचं गणित कागदावर असतानाच आलं, आणि तेव्हापासून अशा यंत्राचा आराखडा करणाऱ्यांना हा हिशेब आधी द्यावा लागतो. फोटॉन असा वागतो याचा पुरावा जपानच्या ट्रिस्टन यंत्रावरही मिळाला.

या कामाला लागतं काय, तर फळा, खडू, संगणक आणि चिवटपणा. ऐंशीच्या दशकात मुंबईत बसून हे करताना जगातले नवे शोधनिबंध टपालाने यायचे, इंटरनेट नव्हतं. १९९५ मध्ये त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या आणि शेवटपर्यंत तिथल्याच राहिल्या. ड्रीस आणि प्रबीर रॉय यांच्यासोबत लिहिलेलं त्यांचं महासममिती (सुपरसिमेट्री) या सिद्धान्तावरचं जाडजूड पुस्तक २००४ मध्ये आलं. त्या सिद्धान्तानं सांगितलेले नवे कण अजून कुणालाही सापडलेले नाहीत. यात खंत मानण्यासारखं काही नाही. ते कुठे नाहीत हे सांगायलाही तेवढंच गणित लागतं.

दुसरा एक हिशेब त्यांनी मांडला तो माणसांचा. विज्ञानात शिकणाऱ्या मुली एवढ्या, मग प्रयोगशाळांच्या वरच्या खुर्च्यांत बायका इतक्या कमी का? २००८ मध्ये राम रामस्वामी यांच्यासह संपादित केलेल्या 'लीलावतीज् डॉटर्स' या पुस्तकात भारतातल्या जवळपास शंभर स्त्री-वैज्ञानिकांच्या कहाण्या आहेत. नाव अर्थातच भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वरून. मुलीला भेट देण्यासारखं पुस्तक आहे, मुलाला तर जरूरच. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गोंगाटावर दुसराही उपाय असतो, तो म्हणजे त्याच्यापासून पळून जाणं, जमिनीखाली. खाणी नागपूरला परक्या नाहीत. मॅंगनीज आणि कोळशाच्या भूमिगत खाणी इथून तासा-दीड तासावर आहेत. खाली जावं तसे ते तळहातातले म्युऑन कमी होत जातात. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, टीआयएफआरच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची, म्हणजे जवळजवळ कशालाच न अडणाऱ्या कणांची, चाहूल टिपली. ती जगातल्या पहिल्या नोंदींपैकी होती. मुंबईत टीआयएफआरमध्ये वंदना नानल आणि त्यांचे सहकारी याहून अवघड गोष्टीमागे लागले आहेत. कथिलाच्या एका प्रकारच्या अणूचं न्यूट्रिनो न सोडता होणारं दुहेरी बीटा क्षरण त्यांना पकडायचं आहे. त्यासाठी कथिल निरपेक्ष शून्याच्या अंशाच्या शंभराव्या हिश्शाइतक्या जवळ थंड करायचं. अशा प्रयोगात आजूबाजूची भिंत, धातू, तारा सगळंच गोंगाट करतं, म्हणून आधी वर्षानुवर्षं त्या सगळ्यांची किरणोत्सारिता मोजत बसावं लागतं. तिथेही पुन्हा तेच.

रोहिणी गोडबोले २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात गेल्या. ज्या रेषीय यंत्रांतला कचरा त्यांनी तीसेक वर्षांपूर्वी मोजून ठेवला, त्यांतलं एकही अजून बांधलं गेलेलं नाही.