शनिवारीच संपणारी शर्यत

मे 2024 मध्ये मोनॅकोची ग्राँ प्री संपली, तेव्हा पहिले दहा चालक ज्या क्रमाने सुरुवातीला रांगेत उभे होते, त्याच क्रमाने त्यांनी शेवटची रेषा ओलांडली. 78 फेऱ्यांनंतर पहिल्या दहांपैकी एकाचीही जागा बदललेली नव्हती. फॉर्म्युला वनच्या इतिहासात असं आधी कधी घडलं नव्हतं. जिंकला शार्ल लक्लेर, याच गावात जन्मलेला आणि याच रस्त्यांवर वाढलेला. 1931 मध्ये लुई शिरॉन जिंकला होता. त्यानंतर 93 वर्षांनी गावच्या पोराने घरची शर्यत मारली. त्याच्या डोळ्यांतलं पाणी पाहून माझेही डोळे भरून आले. पण त्या दुपारी शर्यत झाली का, या प्रश्नाला मला प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणता येत नाही.

ही अवस्था एका वर्षात आलेली नाही. तिचं मूळ शोधायला मागे, अगदी 1929 पर्यंत जावं लागतं.

जेमतेम दोन चौरस किलोमीटरच्या या संस्थानातल्या मोटार क्लबला तेव्हा आंतरराष्ट्रीय संघटनेत राष्ट्रीय क्लबचा दर्जा हवा होता. तो नाकारला गेला, कारण क्लबची मोठी स्पर्धा, म्हणजे मोंटे कार्लो रॅली, बहुतांशी परक्या देशांच्या रस्त्यांवरून धावायची. स्वतःच्या भूमीवर काही करून दाखवा, असा त्याचा अर्थ होता. आंतोनी नोगेसने ते मनावर घेतलं. कसिनोकडे चढणारा चढ, तिथून समुद्राकडे उतरणारी वळणं, बोगदा आणि बंदराचा काठ अशी साधारण सव्वातीन किलोमीटरची वाट त्याने आखली. 14 एप्रिल 1929 रोजी पहिली शर्यत झाली आणि हिरव्या बुगाटीत बसलेला विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स 100 फेऱ्या पुऱ्या करून जिंकला. सरासरी वेग होता ताशी 80 किलोमीटर. (हाच ग्रोव्हर-विल्यम्स पुढे महायुद्धात ब्रिटनचा गुप्त हस्तक म्हणून नाझीव्याप्त फ्रान्समध्ये काम करत होता. तो पकडला गेला आणि झाक्सनहाउझेनच्या छळछावणीत मारला गेला. मोनॅकोच्या पहिल्या विजेत्याची ही ओळख त्याच्या करंडकाहून मोठी आहे.)

त्या वर्षी कुणी कुठे उभं राहायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. तेव्हाची तीच रीत. ती मोडली 1933 मध्ये, आणि मोडली ती इथेच. सरावात ज्याची फेरी सर्वात जलद, तो पुढे, असा नियम ग्राँ प्रीमध्ये पहिल्यांदा मोनॅकोत लागू झाला. त्या दिवशी तो न्याय्यच वाटला असेल, आणि त्याने शर्यतीची रंगतही कमी झाली नाही. ताझिओ न्युव्होलारी आणि आकिले वार्झी हे दोघे जवळजवळ साडेतीन तास एकमेकांना मागे टाकत राहिले. आघाडी किती वेळा इकडून तिकडे गेली याचा हिशेब ठेवता ठेवता लोक थकले. अखेरच्या फेरीत न्युव्होलारीची अल्फा रोमिओ बंद पडली, तो उतरून तिला ढकलू लागला आणि वार्झी जिंकला. पुढे उभं राहणं म्हणजे जिंकणं, असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. गाड्या अरुंद होत्या, ब्रेक लागायला खूप अंतर लागायचं, गिअर हाताने बदलावे लागायचे. पुढचा एकदा चुकला की मागच्याला वाट मिळायची, आणि इतक्या फेऱ्यांत प्रत्येक जण कधी ना कधी चुकायचाच.

मोनॅकोचा रस्ता खरोखर काय मागतो, हे मला 1961 च्या शर्यतीत सर्वात स्वच्छ दिसतं. फेरारीच्या ताफ्याकडे त्या वर्षी सगळ्यांपेक्षा ताकदवान इंजिनं होती. स्टर्लिंग मॉसकडे होती रॉब वॉकर या खाजगी मालकाची, आदल्या वर्षीची लोटस. शर्यत सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी तिच्या सांगाड्याच्या नळीला तडा गेलेला दिसला. टाक्या पेट्रोलने भरलेल्या होत्या, तरी त्यांच्यावर ओली फडकी टाकून तिथल्या तिथे वेल्डिंग केलं गेलं. वारा लागावा म्हणून मॉसने बाजूचे पत्रेही काढायला लावले. आत बसलेला माणूस पायांपर्यंत दिसत होता. मग 100 फेऱ्या, पावणेतीन तास. चौदाव्या फेरीपासून तो पुढे होता आणि मागे रिची गिंथरची फेरारी श्वास घेऊ देत नव्हती. मॉस 3.6 सेकंदांनी जिंकला. सरळ, लांबलचक रस्त्याच्या मैदानावर ती लोटस कुठल्या कुठे मागे पडली असती. इथे इंजिनाची ताकद वापरायला जागाच नव्हती, म्हणून माणूस उरला.

या अरुंदपणाची किंमतही माणसांनीच मोजली. 1955 मध्ये अल्बेर्तो अस्कारी गाडीसकट बंदरात पडला आणि पोहत बाहेर आला. चारच दिवसांनी मोन्झाला सराव करताना तो गेला. 1967 मध्ये लोरेन्झो बांदिनी दुसऱ्या क्रमांकावर होता. 82 व्या फेरीत थकलेल्या हातांनी बंदराजवळच्या शिकेन या नागमोडी वळणात त्याची फेरारी कडेला घासली, उलटली आणि कडेला रचलेल्या पेंढ्यांसकट पेटली. तीन दिवसांनी तो वारला. पेंढ्या गेल्या, पुढच्या वर्षी शर्यत 80 फेऱ्यांची झाली. हे बदल उशिरा झाले. ते व्हायलाच हवे होते, आणि आजची शर्यत नीरस झाली म्हणून कुणी जुन्या धोक्याचे गोडवे गायले तर मला त्याचा संताप येतो.

शर्यत मारली ती सुरक्षिततेने नव्हे. गाड्या रुंद झाल्या, वजनदार झाल्या. कार्बनच्या ब्रेकमुळे वेग कमी करायला लागणारं अंतर आक्रसलं. ओव्हरटेक करायची जागा त्याच अंतरात असते. गिअर बोटाच्या टिचकीवर आले आणि चुकीचा गिअर पडणं संपलं. रस्ता मात्र जवळपास तेवढाच राहिला, कारण दोन्हीकडे घरं आणि एका अंगाला समुद्र. आता 1933 चा तो नियम खरा चावू लागला. जो शनिवारी पात्रता फेरीत पुढे, तो रविवारी शर्यतीत पुढे.

तरीही शनिवारला मी कमी लेखणार नाही. 1988 च्या पात्रता फेरीत आयर्टन सेनाने त्याच संघाच्या, त्याच गाडीतल्या अलँ प्रोस्टला 1.4 सेकंदांनी मागे टाकलं. प्रोस्ट काही साधा चालक नव्हता, आणि सव्वातीन किलोमीटरच्या वाटेवर एवढा फरक आजही मला थक्क करतो. रविवारी मोठ्या आघाडीवर असताना सेना पोर्तिएच्या वळणावर भिंतीला धडकला आणि तिथून थेट जवळच्या आपल्या घरी निघून गेला.

रविवार जिवंत होतो तो पावसात. 1984 मध्ये दुबळ्या टोलमनमधून सेना प्रोस्टच्या अगदी जवळ येत असताना शर्यत थांबवली गेली. 1996 मध्ये चौदाव्या जागेवरून निघालेला ओलिव्हिए पानिस जिंकला. निशाण पडलं तेव्हा फक्त तीन गाड्यांनी रेषा ओलांडली. आपल्याकडच्या लोकांना 2008 आठवत असेल. भिजलेल्या रस्त्यावर फोर्स इंडियाचा आद्रियान सुटिल चौथा धावत होता, थोड्याच फेऱ्या उरल्या होत्या आणि बोगद्यानंतर किमी रायकोनेनची फेरारी मागून येऊन आदळली. आठ वर्षांनी सर्जिओ पेरेझने त्याच संघाला इथे तिसरं स्थान मिळवून दिलं. तेव्हाही सुरुवात पावसातच झाली होती.

2025 मध्ये नियम करणाऱ्यांनी प्रत्येकाला किमान दोनदा टायर बदलायला लावले. काही संघांनी एका चालकाला मुद्दाम हळू चालवून दुसऱ्यासाठी वेळ कमावला. जिंकला पहिल्या जागेवरून निघालेला लँडो नॉरिसच. टायरच्या नियमांनी हे सुटणार नाही, कारण दुखणं टायरचं नाहीच. 2026 च्या नियमांनी गाड्या 2 मीटरवरून 1.9 मीटर रुंदीच्या केल्या, लांबी आणि वजनही उतरवलं. या वेळी कुणीतरी रस्त्याऐवजी गाडीला हात घातला आहे. दहा सेंटिमीटर मला पुरेसे वाटत नाहीत, आणखी हवेत.