एअर फ्रायर: सगळ्यांच्या ताटात एकच वडी

संध्याकाळचे पाच वाजले की चिकपेटच्या गल्ल्यांत साड्यांच्या दुकानांइतकीच गर्दी गरम तळणापाशी दिसते. मिरची बज्जी, बोंडा, मद्दूर वडा, आंबोडे... खरेदी उरकून मेट्रो स्टेशनकडे निघालेली पावलं इथे हमखास थबकतात.

या पेठांमध्ये मराठी घरंही बरीच आहेत. भावसार आणि नामदेव शिंपी समाजाची काही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरूतच वाढली. काही कुटुंबं सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर भागातून सोन्याचांदीच्या गलाईच्या कामासाठी आली. म्हणजे बाहेर बज्जी-बोंडा आणि घरी कोथिंबीर वडी, बटाटेवडा! दोन्हीकडे कढई तयारच.

अडचण सुरू होते ती घरात कुणाचा तरी रिपोर्ट आला की. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. घरात एखाद्याला शुगर किंवा कोलेस्टेरॉल निघालं की तळण बंद होतं, पण फक्त त्यांच्यापुरतं. मग एकाच घरात दोन स्वयंपाक सुरू होतात. आजोबांच्या ताटात उकडलेलं आणि नातवंडांच्या ताटात कुरकुरीत. आजोबा काही बोलत नाहीत, पण त्यांची नजर कुठे जाते ते सगळ्यांना दिसतं.

एअर फ्रायरचा खरा उपयोग इथे आहे. मात्र तो काय करतो आणि काय करत नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवं.

हे यंत्र नेमकं काय करतं?

नावात 'फ्रायर' असला तरी हा आहे छोटा, वेगवान ओव्हन. वरच्या बाजूला तापणारी कॉइल आणि तिच्याजवळ पंखा असतो. गरम हवा जाळीच्या टोपलीतून पदार्थाभोवती जोरात फिरते, पदार्थाच्या पृष्ठभागावरचं पाणी उडून जातं आणि वरचा थर कुरकुरीत होतो. २०१० साली फिलिप्स कंपनीनं बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र आणलं आणि 'एअर फ्रायर' हे नाव जगभर पोहोचलं.

चव हुबेहूब तळल्यासारखी येईल, अशी अपेक्षा ठेवू नका. तव्यावर खरपूस भाजलेलं आणि तळलेलं, यांच्या मधली ती चव असते.

फायदा किती? थोडा हिशोब

१ ग्रॅम तेलातून ९ कॅलरी मिळतात. वड्यांच्या एका घाण्याला ब्रशनं २ चमचे तेल लावलं तर ते साधारण ९ ग्रॅम, म्हणजे ८० कॅलरी. तोच घाणा कढईत तळताना समजा त्यानं ४० ग्रॅम तेल पिऊन घेतलं, तर नुसत्या तेलाच्याच ३६० कॅलरी झाल्या.

आणखी एक फायदा आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. तो म्हणजे कढईत उरलेलं तेल! चार माणसांसाठी तळण काढायचं तरी कढईत अर्धा लिटर तेल लागतंच. ते टाकवत नाही. मग ते गाळून डब्यात जातं, दुसऱ्या दिवशी फोडणीला येतं आणि रविवारी पुन्हा पुऱ्यांसाठी तापतं. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक संयुगं वाढत जातात. म्हणूनच एफएसएसएआयनं १ जुलै २०१८ पासून हॉटेल आणि खाद्य व्यावसायिकांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. तेलातली 'पोलर' संयुगं त्यापुढे गेली की ते तेल वापरायचं नाही. घरातल्या तेलाच्या डब्याची अशी तपासणी कोण करणार? त्यामुळे तेल उरूच नये, हा सोपा मार्ग.

काय जमतं, काय नाही?

साधा नियम लक्षात ठेवा: ज्या पदार्थाला आधीच आकार आहे, तो जमतो. वाफवलेल्या वड्या, कटलेट, पनीर, भाज्यांच्या फोडी, मासे, शेंगदाणे हे सगळं छान होतं.

पातळ पिठातली भजी मात्र जमत नाहीत. पीठ सेट होण्याआधीच जाळीतून खाली गळतं. हलके पदार्थही त्रास देतात. पापड आणि पातळ पोहे पंख्याच्या वाऱ्यानं उडून थेट कॉइलला चिकटू शकतात. पापड भाजायचा असेल तर त्यावर छोटी स्टीलची जाळी ठेवा.

घरचे चार पदार्थ

वेळ यंत्रागणिक थोडा बदलतो. पहिल्या वेळी अर्ध्या वेळेनंतर एकदा उघडून पाहा.

१. कोथिंबीर वडी: नेहमीप्रमाणे उंडे वाफवा आणि पूर्ण गार झाल्यावर कापा. दोन्ही बाजूंना तेलाचा हलका हात लावा. १८० अंशांवर १२ ते १४ मिनिटं ठेवा, मध्ये एकदा उलटा. पिठात थोडे तीळ घातले तर खमंगपणा वाढतो.

२. अवरेबेळे: डिसेंबर-जानेवारीत केआर मार्केटात अवरेकायचे ढीग लागतात. हा आपला पावटाच! भिजवून सोललेले दाणेही तिथे तयार मिळतात. आपण बिरड्यासाठी वाल सोलतो, तसेच. दाणे कापडावर कोरडे करा, १ चमचा तेल चोळा आणि १८० अंशांवर १२ ते १५ मिनिटं, मधूनमधून हलवत भाजा. बाहेर काढल्यावर हिंग, तिखट, मीठ लावा. कढीपत्ता आत टाकू नका, तो उडतो. वेगळा भाजून वरून चुरा.

३. कुरकुरीत भेंडी: भेंडी धुऊन पूर्ण पुसा आणि उभी चिरा. हळद, तिखट, धणे पूड, १ मोठा चमचा बेसन आणि २ छोटे चमचे तेल लावा. १८० अंशांवर १२ मिनिटं. टोपली गच्च भरू नका, नाहीतर भेंडी वाफेवर शिजून मऊ पडेल. मीठ शेवटी घाला.

४. रवा लावलेला बांगडा: घरात मासे चालत असतील तर हा करून बघाच. आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवा. मग रव्यात घोळवून वरून थोडं तेल लावा. १८० अंशांवर १० ते १२ मिनिटं, एकदा उलटून.

शिवाय दाण्याच्या कुटासाठी शेंगदाणे १६० अंशांवर ८ ते १० मिनिटांत एकसारखे भाजले जातात. गॅसपाशी उभं राहून हलवत बसावं लागत नाही.

तेल कमी झालं, पीठ नाही!

मधुमेह असलेल्यांच्या घरी हे विशेष लक्षात ठेवायला हवं. एअर फ्रायर तेल कमी करतो. बटाटा, मैदा, साबुदाणा यांतला स्टार्च जिथल्या तिथेच राहतो. 'तेल नाही ना, मग खा चार वडे जास्त' असं झालं तर शुगर वाढणारच. किती खायचं, हे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांनी सांगितलं असेल तेवढंच. वडी दोन, पण सोबत कोशिंबीर आणि वाटीभर उसळ, असं ताट वाढा.

फ्रोजन पाकिटांचंही तसंच. बाजारातले फ्रोजन फ्राइज कारखान्यातच अर्धवट तळलेले असतात. घरी तेल न घालता गरम केले, तरी ते तेल आणि मीठ पोटात जातंच. पाकिटाची मागची बाजू जरूर वाचा.

रंगावरही लक्ष ठेवा. पिष्टमय पदार्थ १२० अंशांहून जास्त तापमानाला भाजले, तळले की त्यात ॲक्रिलामाइड नावाचं नको असलेलं रसायन तयार होतं. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००२ साली हे दाखवून दिलं. बटाट्याच्या फोडी अर्धा तास पाण्यात ठेवून, पुसून मग भाजा आणि सोनेरी रंग आला की काढा. गडद तपकिरी होऊ देऊ नका.

घेण्याआधी भिंतीकडे बघा

बीव्हीके अय्यंगार रोडवर विजेच्या उपकरणांची दुकानं ओळीनं आहेत. तिकडे जाण्याआधी आपल्या स्वयंपाकघरातलं सॉकेट तपासा. १५०० वॉटचा एअर फ्रायर २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर वीज ओढतो. साधं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं असतं, म्हणून १६ अँपिअरचं मोठं सॉकेट हवं. पेठेतल्या जुन्या घरांत वायरिंगही जुनं असू शकतं, तेव्हा इलेक्ट्रिशियनला एकदा दाखवून घ्या. मिक्सर आणि एअर फ्रायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका.

वीज किती जाते? १५ मिनिटांना जास्तीत जास्त पाऊण युनिटाचा अर्धा भाग, म्हणजे साधारण ०.३८ युनिट. गरम हवा मागून बाहेर पडते, त्यामुळे भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. टोपलीला नॉनस्टिक थर असेल तर लोखंडी चमचा आणि तारेची घासणी दूरच ठेवा.

लहान टोपलीत एका वेळी दोन-तीन माणसांपुरतंच होतं. मोठं कुटुंब असेल तर दोन घाणे काढावे लागतील. पहिला घाणा कुणाला द्यायचा, हे मात्र ठरवून टाका: ज्यांच्यासाठी इतके दिवस वेगळं उकडलेलं शिजत होतं, त्यांना. दुसऱ्या घाण्यातल्या वड्याही त्याच असणार आहेत.