मोटार-दुरुस्तीच्या गॅरेजांतील तासांचा हिशेब

मोटारीचें गॅरेज काय विकतें असें कोणास विचारलें, तर बहुधा उत्तर येतें कीं तेल, ब्रेक-लायनर, क्लच-प्लेट, नट-बोल्ट. वास्तविक हा माल सुट्या भागांचा दुकानदारहि विकतो. गॅरेजाचा स्वतःचा असा माल एकच, आणि तो म्हणजे मिस्त्रीच्या हाताचा तास. मिरकरवाड्याच्या बंदरावर सायंकाळपर्यंत न खपलेली मासळी बर्फांत ठेवतां येते, नाहीं तर वाळवतां येते; न खपलेला तास मात्र कोठेंच ठेवतां येत नाहीं. तरीहि मासळीचा हिशेब टोपलीगणिक ठेवणारे आमचे लोक तासांचा हिशेब ठेवीत नाहींत. शाळा सोडल्यानंतर माझ्या एका विद्यार्थ्याच्या गॅरेजांत वह्या लिहिण्याचें काम मी करीत आहें. पुष्कळ वर्षें शाळेचें वेळापत्रक आंखलेल्या माणसाला तेथें जें दिसलें, तें आज आपणांपुढें मांडतों.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. तास तीन प्रकारचे असतात. पहिला हजेरीचा: मिस्त्री सकाळीं नऊला आला, सहाला गेला, जेवणाची सुटी वजा जातां आठ तास भरले. दुसरा हाताचा: त्या आठांपैकीं प्रत्यक्ष गाडीवर किती वेळ गेला. तिसरा बिलाचा: त्या कामाबद्दल गिऱ्हाइकाकडून किती तासांचे पैसे घेतले. समजा, चार मिस्त्री आहेत. हजेरीचे तास झाले ३२. त्यांतील गाडीवर लागले २४, म्हणजे शेंकडा ७५. बिल झालें २७ तासांचें, म्हणजे हाताच्या तासांहून एक अष्टमांश अधिक. यांतील पहिल्या प्रमाणावरून गॅरेजाची व्यवस्था कशी आहे तें कळतें. दुसऱ्यावरून मिस्त्रीचा हात कसा आहे तें कळतें. मालक बहुधा महिनाअखेरचें बिल तेवढें पाहतो आणि रागावतो मात्र मिस्त्रीवर. वरील उदाहरणांत मिस्त्रीचा हात उत्तम आहे. बुडालेले आठ तास दुसऱ्याच कोणीतरी बुडविले आहेत.

ते कोणीं बुडविले हें शोधण्याचा उपाय सोपा आहे. जॉब-कार्डावर काम सुरू केल्याची व संपल्याची वेळ तर लिहावीच, पण 'काम मध्यें कां थांबलें' असें आणखी एक घर आंखावें. महिनाभर तें घर प्रामाणिकपणें भरलें, म्हणजे कारणें आपोआप पुढें येतात. कोल्हापुराहून यावयाचा सुटा भाग सायंकाळच्या गाडीनें आला. जादा खर्चाला संमति विचारण्यासाठीं गिऱ्हाइकाला फोन केला, त्यानें उचलला नाहीं. चौघांत जॅक एकच चांगला, तो तिसऱ्याच गाडीखालीं. आंतली गाडी बाहेर काढावयाची तर पुढच्या दोन हलविल्या पाहिजेत. यांतील एकहि गोष्ट मिस्त्रीच्या हातची नाहीं. गाडी येण्याची वेळ ठरते त्याच वेळीं भाग मागवून ठेवणें आणि गाडी आंत घेतांनाच अमुक रकमेपर्यंत संमति लिहून घेणें, एवढ्यानेंहि बरेच तास वांचतात.

आतां बिलाचे तास. मोटार बनविणाऱ्या कंपन्या प्रत्येक कामाला किती वेळ लागावा याचें कोष्टक काढतात. कोष्टक उपयोगी आहे, परंतु तें बहुधा नव्या गाडीवर आणि सर्व हत्यारें हाताशीं असलेल्या कार्यशाळेंत बसविलेलें असतें. आमच्या किनाऱ्यावर खारी हवा आणि चार महिन्यांचा धो धो पाऊस. दहा वर्षें या हवेंत राहिलेल्या गाडीच्या खालच्या अंगाचा बोल्ट सुटतांना काय परीक्षा पाहतो, तें कोष्टक लिहिणाऱ्याला ठाऊक नसतें. म्हणून प्रत्येक गॅरेजानें आपल्याच जॉब-कार्डांवरून आपलें कोष्टक तयार करावें, आणि गंजाचा वेळ गिऱ्हाइकाला आधीं सांगून वेगळा लावावा.

घड्याळ लावून काम मोजण्याची ही विद्या जुनी आहे. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरानें १९११ सालीं शास्त्रीय व्यवस्थापनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं ऑगस्टांत मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारांत ओतकाम करणाऱ्या कामगारांनीं या घड्याळाविरुद्ध काम बंद पाडलें. अमेरिकन काँग्रेसची चौकशी-समिती बसली, आणि १९१५ सालीं सरकारी खर्चानें असें घड्याळ लावण्यास काँग्रेसनें बंदी घातली. कामगारांचें भय अनाठायीं नव्हतें. तासाचें माप माणसाच्या पोटाशीं बांधलें कीं माणूस माप पुरें करतो आणि काम अपुरें ठेवतो. ब्रेकच्या कामाला कोष्टकांत दोन तास आहेत. ते सव्वा तासांत उरकले तर मिस्त्रीला बक्षीस. मग तो काय गाळील? ड्रम पुसणें गाळील, नळींतील हवा पुरती काढणें गाळील, शेवटीं गाडी रस्त्यावर चालवून पाहणें तर नक्कीच गाळील. नळींत हवेचा बुडबुडा राहिला तर पेडल खालीं जातें, पण दाब चाकापर्यंत पुरा पोंचत नाहीं. हें रत्नागिरीच्या सपाट रस्त्यावर कदाचित् कळणार नाहीं. आंबा घाटाच्या उतारावर कळेल, आणि तेव्हां गाडींत कोणाचीं तरी मुलेंबाळें असतील. म्हणून बक्षीस द्यावयाचेंच असेल तर तें वेगाला देऊं नये; महिनाभरांत एकहि गाडी त्याच तक्रारीनें परत आली नाहीं, त्याला द्यावें. परत आलेली गाडी दुहेरी नुकसान करते: तिच्या तासांचें बिल होत नाहीं, आणि बिल होणाऱ्या गाडीची जागा ती अडविते.

कामाची वांटणी हा याहून नाजूक विषय आहे. शाळेंत एखादे शिक्षक रजेवर गेले कीं त्यांचा तास कोणाच्या माथीं बसतो? जो तोंडांतून ब्र काढीत नाहीं त्याच्या. गॅरेजांत तसेंच आहे. हुशार मिस्त्रीला इंजिनहि द्यावयाचें, विजेचा दोषहि त्यानेंच शोधावयाचा, आणि ओळखीचा माणूस आला कीं तेलहि त्यानेंच बदलावयाचें. शेजारचा नवशिका दुपारभर फडकें घेऊन उभा. दोन वर्षांत हुशार माणूस मुंबईची वाट धरतो. यावर आम्हीं एक फळा लावला आहे. त्यावर नांवापुढें गाड्या लिहीत नाहींत, तास लिहितात. 'तीन गाड्या' यावरून कांहींच कळत नाहीं. 'साडेसहा तास' म्हटलें कीं भरलेलें माप दिसतें.

पण हें माप कांठोकांठ भरूं नये. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील गणिती एर्लांग यानें १९०९ सालीं ज्या गणिताचा पाया घातला, तें येथें तंतोतंत लागू पडतें. एकाच मिस्त्रीचें गॅरेज धरूं. कामें लहानमोठीं, सरासरीनें एक तासाचीं. गाड्या वाटेल तेव्हां येणाऱ्या. मिस्त्री निम्मा वेळ कामांत असेल तर आलेल्या गाडीला सरासरी एक तास थांबावें लागतें. शेंकडा ८० वेळ कामांत असेल तर चार तास, आणि शेंकडा ९० असेल तर नऊ तास! काम वाढलें दहांनीं, खोळंबा वाढला दुपटीहून अधिक. म्हणून ३२ तासांच्या हजेरीवर २४ तासांचेंच वचन द्यावें. उरलेले आठ तास आळसाचे नव्हेत; हातखंब्याच्या वळणावर अचानक बंद पडलेल्या टेंपोसाठीं ते राखून ठेवलेले असतात.

कांहीं गर्दी मात्र अचानक येत नाहीं. गणेशचतुर्थी केव्हां तें पंचांगांत वर्षभर आधीं छापलेलें असतें. त्या आठवड्यांत चाकरमान्यांच्या गाड्या घाटांतून खडखडत येतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत गॅरेजाचा मिस्त्रीहि आपल्या गांवीं गणपतीसाठीं जातो. त्याला अडवून ठेवणारा मालक कोंकणी म्हणवून घेण्यास पात्र नाहीं! तेव्हां आधीं रजा लिहाव्या, उरलेले तास मोजावे, आणि मग वचनें द्यावीं. स्थानिक गाड्यांची नित्याची तपासणी श्रावणाच्या आरंभींच उरकावी. एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें व अहमदनगर यांच्या दरम्यान धांवली, तेव्हांपासून या मोठ्या संस्थेचा कारभार पाहावा: गाडी मोडण्याची वाट न पाहतां ठराविक मुदतीनें तिला आंत घेण्याचा तिच्या आगारांत नेम आहे. लहान गॅरेजाला गाड्यांचा ताफा नसतो, पण गिऱ्हाइकांची वही असते. त्या वहींतून तारखा काढून फोन करणें अवघड नाहीं.

जादा तासांविषयीं दोन शब्द. १९४८ च्या कारखाने कायद्यानें दिवसाला नऊ, आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली, पांच तासांनंतर अर्धा तास विसांवा सांगितला, आणि जादा कामाला दुप्पट वेतन ठरविलें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेनें घेतली. दुप्पट वेतनाचें तत्त्व तिच्यांतहि आहे. चार माणसांचें गॅरेज कारखान्याच्या व्याख्येंत बसत नाहीं हें खरें, पण रात्रीं नवाला थकलेल्या माणसानें आवळलेला चाकाचा नट व्याख्या पाहून घट्ट बसत नाहीं.

राहतां राहिला आय. टी. आय.मधून आलेला शिकाऊ मुलगा. दोन वर्षांचा मोटार-मेकॅनिकचा अभ्यास करून तो येतो, आणि मालक लगेच त्याचे आठ तास फळ्यावर धरतो. हा सरळ चुकीचा हिशेब आहे. आम्हीं असें ठरविलें आहे कीं पहिले तीन महिने त्याचा एकहि तास बेरजेंत धरावयाचा नाहीं, आणि ज्या मिस्त्रीपाशीं तो शिकतो, त्याच्या नांवापुढून रोज एक तास वजा करावयाचा. त्या वजा केलेल्या तासाला फळ्यावर वेगळा रकाना आहे, आणि मिस्त्रीला त्याचा पगार इतर तासांप्रमाणेंच मिळतो.