फटाके कुठे आणि किती वाजेपर्यंत?

दिवाळीत आमच्या गटातल्या बायकांचं लक्ष आभाळातल्या रोषणाईपेक्षा कडब्याच्या गंजीकडे जास्त असतं. सोयाबीन खळ्यावर, कापूस घरात, गंज गोठ्याशेजारी, आणि वरून पोरांचे बाण. मागच्या दिवाळीत आमच्यातल्या एकीची अर्धी गंज जळाली. जनावरं वाचली, पण उन्हाळ्यात चारा विकत घ्यावा लागला. बाण कुणाचा ते कळलंच नाही, भांडण मात्र वर्षभर पुरलं.

म्हणून आम्ही नियम नीट समजून घेतले. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी निकाल दिला. दिवाळीत फटाके रात्री ८ ते १० याच वेळेत, आणि तेही कमी धुराचे, म्हणजे हरित. हे फटाके आपल्या नागपूरच्या 'नीरी' संस्थेच्या पुढाकारानं तयार झाले. धूर कमी होतो, नाहीसा होत नाही. आणि ठिणगी तर ठिणगीच! एकात एक गुंफलेल्या माळेला त्याच निकालानं बंदी आहे. निवडणूक जिंकल्यावर चौकात लावतात ना, तीच माळ. वेळ मोडली तर त्या हद्दीतल्या ठाण्याच्या पोलीस अधिकाऱ्याला जबाबदार धरलं जाईल, असंही न्यायालयानं म्हटलंय.

लग्नाच्या वरातीचं काय? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके वाजवायचे नाहीत, मग दिवाळी असो की वरात. शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असेल, तर तिथे दिवसाही नाही.

"अगं, नियम तालुक्याला. आपल्या गल्लीत कोण बघतंय?" असं आमच्या एका काकूंनी विचारलं. बरोबरच आहे. पोलीस प्रत्येक वाडीवर येणार नाहीत. पण गंजीपासून लांब जागा कोणती, हे पोलिसांपेक्षा गावाला जास्त ठाऊक. न्यायालयानंही राज्यांना सांगितलंय, की सगळ्यांनी मिळून एका ठरलेल्या जागी फटाके उडवता येतील का ते पाहा.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, ही कायद्यातलीच तरतूद. तिथे आम्ही तीन गोष्टी मांडल्या: बाण फक्त बाजारतळावर उडवायचे, तिथे पाण्याचा टँकर आणि वाळू ठेवायची, आणि धनत्रयोदशीच्या आधी दवंडी द्यायची. पोरं आधी कुरकुरली. मग सगळा गाव एकाच जागी जमला, तर त्यांनाच जास्त मजा आली.

एक मात्र ध्यानात ठेवा. आपला ठराव म्हणजे कायदा नव्हे, आपल्या मनानं कुणाला दंड करता येत नाही. रात्री दहानंतरही कुणी ऐकत नसेल, तर ११२ वर फोन करायचा. ठराव प्रोसिडिंग बुकात लिहिलाय ना, हे सही करण्याआधी वाचून घ्या. आमचा पहिल्या खेपेला लिहायचाच राहिला होता.