कवडीच्या रूपाची, निराळ्या कुळाची

परभणीहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरी लग्नानंतरच्या गोंधळात संबळ घुमू लागले, दिवटी पेटली, की गोंधळ्याच्या गळ्यात समुद्राचेच लेणे दिसते: कवड्यांची माळ. राजाराम कदम यांच्यासारख्या नामवंत गोंधळ्याच्या या जिल्ह्यात कवडी सर्वांच्या ओळखीची आहे. आराधी मंडळी ती घालतात, सारीपाटावरही ती पडते. मात्र ओळख असते ती रिकाम्या शिंपल्याची. आत राहून गेलेला जीव मराठवाड्यात क्वचितच कुणी पाहिला असेल.

हा जीव म्हणजे समुद्रातली गोगलगाय. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली तिला 'सायप्रिया मोनेटा' म्हटले. आता ती 'मोनेटारिया' या प्रजातीत मोडते. मालदीवच्या उथळ पाण्यातून या कवड्या गलबतांनी बंगालला जात आणि तिथे शतकानुशतके चलन म्हणून चालत.

लिनियसच्या 'सायप्रिया'त कवडीसारखे दिसणारे बहुतेक सगळे काही सामावले होते. अंगावर आडव्या बारीक कंगोऱ्यांच्या, जेमतेम सेंटीमीटरभर लांबीच्या चिमुकल्या 'कवड्या'ही त्यातच. त्यांच्यासाठी १८३७ साली 'ट्रिव्हिया' ही वेगळी प्रजाती झाली. खरी कवडी गुळगुळीत आणि चकचकीत; ट्रिव्हियाचे कंगोरे पाठीवरून थेट तोंडाच्या फटीपर्यंत उतरतात. माळेतली कवडी जिवंतपणी मुख्यतः शेवाळ खाते. ट्रिव्हिया खडकांना चिकटून वसाहतीने राहणाऱ्या ॲसिडियन प्राण्यांवर जगते. मादी त्यांच्याच अंगाला भोक पाडून अंड्यांच्या सुरईसारख्या कुप्या आत रोवते.

वर्गीकरणाचा खरा उलगडा केला तो मेरी लेबूर यांनी. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या ट्रिव्हिया बराच काळ एकाच जातीच्या समजल्या जात. पाठीवर तीन ठिपके असलेली आणि ठिपके नसलेली, एवढाच काय तो फरक. प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत लेबूर यांनी अंड्यांतून निघणारी पिल्ले पाहिली आणि १९३३ साली दाखवून दिले, की 'ट्रिव्हिया मोनाका' आणि 'ट्रिव्हिया आर्क्टिका' या दोन स्वतंत्र जाती आहेत. शिंपले गोळा करणाऱ्यांना न सुटलेला प्रश्न जिवंत पिल्लांनी सोडवला. या अभ्यासाचे मोल मोठे आहे, कारण पुष्कळ वर्गीकरण तोवर कपाटातल्या रिकाम्या शिंपल्यांवर उभे होते.

ट्रिव्हियाच्या पिल्लाभोवती शिंपल्याचे दोन थर असतात, बाहेरचा पारदर्शक. असेच पिल्लू 'लॅमेलारिया'चे. आणि लॅमेलारिया दिसते कशी? मऊ गोळ्यासारखी, तिचा पातळ शिंपला मांसात पुरता झाकलेला. कवडीशी तिचे रूप मुळीच जुळत नाही. तरीही आजच्या वर्गीकरणात ट्रिव्हिया आणि लॅमेलारिया 'व्हेल्युटिनॉइडिया' या एकाच अधिकुलात आहेत, तर माळेतल्या कवडीचे अधिकुल 'सायप्रिऑइडिया'.

पुढे ट्रिव्हियाचीही वाटणी झाली. एकेकाळी जगभरच्या जाती या एका नावाखाली होत्या. त्यांतल्या अनेक 'निव्हेरिया', 'पुसुला', 'ट्रिव्हिरोस्ट्रा' अशा प्रजातींत गेल्या. क्रॉफर्ड केट यांनी १९७९ साली या साऱ्या कुळाचा सविस्तर आढावा घेतला. हिंदी आणि प्रशांत महासागरांतली इवली पांढरी 'ट्रिव्हिरोस्ट्रा ओरायझा' याच कुळातली. लामार्कने १८१० साली तिला तांदळाचे नाव दिले, तेव्हा तीही 'सायप्रिया'च मानली जात होती.